लेऑनहार्ड सेप्पाला आणि त्याची कुत्री

कुत्र्यांच्या पायांत मोजे घालतात, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. आपल्याकडे कित्येक माणसांच्याच पायांत काही नसते, तिथे कुत्र्यांचे कसले हे लाड! पण पुढे वाचत गेलो तसे हसू मावळले. अलास्कात हिवाळ्यात बर्फावरून धावणाऱ्या कुत्र्याच्या बोटांमधल्या केसांत बर्फाचे खडे जमतात. ते काचेच्या तुकड्यांसारखे कातडी कापतात, आणि पाय फाटलेला कुत्रा बर्फावर रक्ताचे ठिपके टाकीत धावतच राहतो. थांबत नाही. थांबणे त्याच्या स्वभावातच नाही. ते त्याच्या मालकाच्या हातात असते. ही गोष्ट ज्या माणसाला एका शर्यतीत फार महाग पडून कळली, त्याची ही हकीकत आहे.

लेऑनहार्ड सेप्पाला हा १४ सप्टेंबर १८७७ रोजी नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाकडे जन्मला. घराणे मूळचे फिनलंडकडून आलेले. तिकडे अशा लोकांना क्वेन म्हणतात. घरी एक भाषा आणि सरकारदरबारी दुसरी, हा प्रकार आपल्या सीमाभागातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. वडील लोहारकाम करीत आणि मासेमारीही करीत. शेर्वोय नावाच्या बेटावर त्याचे बालपण गेले. अकरा-बारा वर्षांचा झाल्यावर हिवाळ्यात वडिलांबरोबर समुद्रावर आणि उरलेल्या दिवसांत ऐरणीपाशी, असे त्याचे शिक्षण झाले. अंगाने तो लहानखुरा, उंची पाच फूट चार इंचांच्या आसपास. पण लोहाराचा मुलगा असल्याने हातात बळ भरपूर.

१८९८ साली अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर, पुढे जिथे नोम हे गाव वसले तिथे, तीन माणसांना सोने सापडले. त्यांतला एक याफेत लिंडेबर्ग हा सेप्पालाच्याच मुलखातला. तो श्रीमंत होऊन गावी परतला आणि त्याच्या गोष्टी ऐकून १९०० साली बावीस वर्षांच्या सेप्पालाने नोम गाठले. सोन्याच्या गोष्टी ऐकून जाणाऱ्यांचे बहुधा जे होते तेच त्याचेही झाले. सोने मिळाले नाही, नोकरी मिळाली. लिंडेबर्गच्या पायोनियर मायनिंग कंपनीत तो कामाला लागला. खाणींचे सामान आणि माणसे इकडून तिकडे न्यायची, पाण्याच्या कालव्यांवर देखरेख ठेवायची, असे ते काम. हिवाळ्यात तिथे घोडा चालत नाही आणि समुद्र गोठल्यामुळे बोटही येत नाही. चालते ती फक्त कुत्र्यांनी ओढायची लाकडी घसरगाडी, म्हणजे स्लेज. अशा तऱ्हेने लोहाराचा मुलगा कुत्र्यांच्या गाडीवर चढला.

उन्हाळ्यात बर्फ गेल्यावरही त्याने कुत्री रिकामी बसवली नाहीत. खाणींसाठी टाकलेल्या अरुंद रुळांवर एक छोटी चाकांची गाडी ठेवून तिला कुत्री जुंपायची आणि कामावर फिरायचे, अशी त्याची पद्धत होती. गावकऱ्यांना ती गंमत वाटे. कुत्र्यांचा मात्र सराव बारमाही होई. आज जनावरांचे डॉक्टर जे सांगतात, की लांब पल्ल्याच्या कुत्र्याचे स्नायू, सांधे आणि हृदय महिनोन्‌महिने हळूहळू तयार व्हावे लागते, ते या माणसाने नोकरीच्या गरजेतून साधले होते.

नोम गावात १९०७ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि १९०८ पासून ऑल अलास्का स्वीपस्टेक्स नावाची शर्यत सुरू झाली. नोमपासून कँडल या गावापर्यंत जाऊन परत यायचे. अंतर ४०८ मैल. म्हणजे बेळगावहून मुंबई गाठून वर आणखी शंभर मैल, आणि तेही बर्फातून. या शर्यतीचा एक नियम मला फार आवडला, म्हणून तो मुद्दाम सांगतो. निघताना जितकी कुत्री जुंपली असतील तितकी सगळी परत आणली पाहिजेत. एखादा कुत्रा थकला, जखमी झाला, अगदी मेला तरी त्याला वाटेत सोडायचे नाही. गाडीवर घालून आणायचे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला यात हिशेबाची खुबी दिसते. कुत्रा झिजवला तर त्या झिजेचा खर्च दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकता येत नाही; तो तुमच्याच गाडीवर वजन होऊन बसतो. ज्याला जिंकायचे आहे त्याला कुत्रे जपावेच लागते.

१९०९ साली सायबेरियातून आणलेली कुत्री पहिल्यांदा या शर्यतीत उतरली. स्थानिक कुत्र्यांच्या मानाने ती इतकी लहान होती की लोकांनी त्यांना सायबेरियाचे उंदीर म्हणून हिणवले. पुढच्याच वर्षी जॉन जॉन्सन याने तसलीच कुत्री जुंपून ४०८ मैल ७४ तासांच्या थोड्या वर वेळात कापले आणि हसणारे गप्प झाले.

सेप्पालाच्या हाती ही कुत्री आली ती योगायोगाने. दक्षिण ध्रुव जिंकणारा रोआल्ड आमुंडसेन याला उत्तरेकडची मोहीम काढायची होती. त्याला भेट देण्यासाठी लिंडेबर्गने १९१३ साली सायबेरियन पिल्ले आणवली आणि ती तयार करण्याचे काम सेप्पालावर सोपवले. पुढे मोहीम बारगळली, आणि कुत्री सेप्पालाकडेच राहिली.

आता ज्या शर्यतीचा सुरुवातीस उल्लेख केला तिच्याकडे येतो. १९१४ च्या वसंतात मित्रांच्या आग्रहाने सेप्पालाने ही कोवळी कुत्री स्वीपस्टेक्समध्ये उतरवली. कुत्री तरुण होती, वाट त्यांना नवी होती आणि गाडीवानालाही ती नीट ठाऊक नव्हती. वाटेत वादळ उठले. पांढऱ्या धुरळ्यात रस्ता सुटला आणि भलतीकडे सुसाट निघालेला ताफा समुद्राच्या बाजूच्या एका कड्याच्या दिशेने चालला. म्होरक्या कुत्रा सुग्गेन हुशार होता. मालकाचा हुकूम कानी पडताच त्याने ताफा वळवला म्हणून सगळे वाचले. परंतु टणक बर्फावर नखे रोवून चढताना कुत्र्यांचे पंजे सोलून निघाले. तळव्यांची गादी फाटली, नखे उपटली गेली. सेप्पालाने शर्यत सोडली.

वाचणाऱ्याला वाटेल, हरला, इतकेच ना? पण हार त्याला लागली नव्हती. कुत्री आपल्या भरवशावर धावली आणि आपण त्यांना नको तिथे नेले, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. ती वर्षानुवर्षे त्याच्या बोलण्यात येत असे.

हे वाचताना मला आमच्या आज्जाचा एक बैल आठवला. आमच्याकडच्या जत्रेत गाड्यांच्या शर्यती होतात हे सर्वांस माहीत आहे. मी लहान असताना आज्जाने एकदा बैल पळवले. नंबर आला, गुलाल पडला. घरी आल्यावर एका बैलाच्या खुरातून रक्त येत होते. आज्जा त्या रात्री जेवला नाही आणि पुढे त्याने गाडा पळवला नाही. मामा अजून म्हणतात की आज्जा फार हळवा, शर्यत म्हटली की एवढे चालायचेच. मला अजून दोघांपैकी कोणाचे बरोबर ते ठरवता आलेले नाही.

सेप्पालाने मात्र शर्यती सोडल्या नाहीत. त्याने वर्षभर गावाबाहेर, लोकांच्या नजरेआड, कुत्र्यांना थोडे थोडे अंतर वाढवीत तयार केले. चाबकावर त्याचा भर नव्हता. जिभेने टाळूवर काढलेला आवाज त्याच्या कुत्र्यांना पुरे होई. १९१५ साली त्याने तीन वेळा जिंकलेल्या स्कॉटी ॲलनला हरवले. १९१६ आणि १९१७ सालीही तोच पहिला आला. त्यानंतर महायुद्धामुळे आणि सोने आटल्यामुळे ती शर्यतच बंद पडली.

आता टोगोविषयी. १९१३ साली सुग्गेनच्या पोटी हे पिल्लू जन्मले. जपानी नौसेनापती टोगो याच्यावरून त्याला नाव मिळाले. पिल्लू रोगट होते, गळा सुजलेला. सेप्पालाची बेल्जियन पत्नी कॉन्स्टन्स हिने गरम फडक्यांनी शेकून शेकून त्याला जगवले. सेप्पालाला ते कामाचे वाटेना, म्हणून त्याने ते एकाला पाळायला देऊन टाकले. टोगोने त्या घरच्या खिडकीची काच फोडून उडी घेतली आणि मैलांचे अंतर धावत परत घरी आला. आठ महिन्यांचा असताना तो सुटून ताफ्याच्या मागे लागला. मोकळा राहून दंगा करतो म्हणून सेप्पालाने वैतागून त्याला जुंपले, तर पठ्ठ्या पहिल्याच दिवशी ७५ मैल चालला आणि दिवस संपेपर्यंत पुढे म्होरक्याच्या जोडीला पोचला. आजचे डॉक्टर आठ महिन्यांच्या पिल्लाला असे जुंपू देणार नाहीत. हाडे पक्की व्हायची असतात. टोगो त्यातून निभावला. सगळीच पिल्ले निभावत नाहीत, आणि जी निभावत नाहीत त्यांच्या गोष्टी कोणी लिहीत नाही.

यानंतर १९२५ सालचा तो जानेवारी येतो, ज्यामुळे सेप्पालाचे नाव जगाला कळले. नोम गावात घटसर्पाची साथ आली. घटसर्प म्हणजे घशात पांढरट पापुद्रा धरून मूल गुदमरून मरायचे. आज त्रिगुणी लसीमुळे आपल्या पिढीला हा शब्दही जवळजवळ अनोळखी आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहावे. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च, आणि त्यांच्याजवळचे औषध जुने झालेले. तीन लाख युनिटे औषध अँकरेजच्या इस्पितळात सापडले. रेल्वेने ते नेनाना गावापर्यंत आले. तिथून नोम ६७४ मैल. विमाने होती, पण उघड्या बैठकीची. त्या थंडीत ती उडवणे धोक्याचे होते. शेवटी वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी ती पेटी हातोहात पुढे नेली. २७ जानेवारीच्या रात्री निघालेली पेटी २ फेब्रुवारीच्या पहाटे साडेपाच वाजता नोमला पोचली. साडेपाच दिवसांच्या आत.

ही कथा सांगताना बहुतेक लोक शौर्याशी थांबतात. मला कुत्र्यांचा हिशेब पाहावासा वाटला. पहिला गाडीवान शॅनन. थंडी शून्याखाली पन्नास-साठ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरलेली. त्याला वाटेत तीन कुत्री सोडावी लागली, आणि ती पुढे मेली. चार्ली एव्हान्स याच्या दोन पुढच्या कुत्र्यांना जांघेत हिम बाधले. तिथे केस विरळ असतात आणि ते झाकायला सशाची कातडी घ्यायची राहून गेली होती. ती दोन्ही कुत्री गेली आणि शेवटचे अंतर एव्हान्सने स्वतः गाडीला लागून ओढले. मुलांचे प्राण वाचले हे खरे, आणि ते वाचवणे भागच होते. पण वर्षानुवर्षे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत या कुत्र्यांसाठी एक ओळ असायला हरकत नव्हती.

सेप्पाला २८ जानेवारीला नोमहून पूर्वेकडे निघाला. बरोबर वीस कुत्री, पुढे टोगो. टोगोला तेव्हा अकरा वर्षे पूर्ण झालेली. आपल्या हिशेबाने हा कुत्रा केव्हाच निवृत्त व्हायला हवा होता. घरी सेप्पालाची एकुलती एक मुलगी सिग्रिड, आठ वर्षांची, साथीच्या गावात. येताना ताज्या दमाची कुत्री मिळावीत म्हणून काही कुत्री तो वाटेतल्या वस्त्यांवर ठेवीत गेला. नॉर्टन उपसागर गोठलेला होता. किनाऱ्याने वळसा घातला तर एक दिवस जास्त लागे, बर्फावरून सरळ गेले तर वाचे. मात्र वारा सुटला की तेच बर्फ फुटून माणसाजनावरासह समुद्रात वाहून जाई. तो सरळ गेला. इकडे साथ वाढली म्हणून अधिकाऱ्यांनी गाडीवानांची संख्या वाढवली होती, आणि ते कळवायला वाटेत तार नव्हती. शक्तूलिकजवळ हेन्री इव्हानॉफ समोरून आला. तो ओरडला नसता तर सेप्पाला पेटीला चुकवून तसाच पुढे निघून जाणार होता.

त्याने पेटी घेतली आणि तसाच मागे फिरला. दिवसभर धावलेली तीच कुत्री, तोच उपसागर, आता रात्र आणि तोंडावर वादळ. माणसाला दिसत नव्हते. वाट टोगोच्या नाकावर आणि पायांवर होती. त्या एका दिवसात ताफा ८४ मैल चालला. आयझॅक्स पॉइंट येथे थोडे तास विसावा घेऊन पहाटे दोनला परत निघाले. या वेळी किनारा धरून गेले, कारण बर्फाला तडे जाऊ लागले होते. पुढे डोंगराची धार चढून १ फेब्रुवारीच्या दुपारी गोलोविन येथे त्याने पेटी चार्ली ओल्सनच्या हाती दिली. औषध घेऊन ९१ मैल, आणि नोमहून निघाल्यापासून एकूण २६० मैलांवर. बाकी कोणाच्याही वाट्याला याच्या जवळपासही अंतर आले नव्हते.

नोममध्ये पेटी घेऊन शिरला तो गुनार कासेन, आणि त्याच्या पुढे बाल्टो हा कुत्रा. हा बाल्टोही सेप्पालाचाच. त्याच्या मते तो ओझी ओढायच्या कामाचा, म्होरक्या नव्हे. परंतु वर्तमानपत्रांना शेवटी पोचलेला दिसतो. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बाल्टोचा पुतळा उभा राहिला, आणि सेप्पालाला हे जन्मभर सलले. बाल्टोचे दैव मात्र पुतळ्यासारखे कठीण निघाले. गावोगावच्या रंगमंचांवर फिरून तो आणि त्याचे सहा सोबती लॉस एंजेलिस येथे एका हलक्या तमाशाच्या खोलीत उपाशी बांधलेले आढळले. क्लीव्हलंडच्या मुलांनी वर्गणी काढून १९२७ साली त्यांना सोडवले. कुत्र्यांचे हाल शर्यतीतच होतात असे नाही, हे इथे ध्यानात येते.

१९२६ च्या अखेरीस सेप्पाला टोगोसह चाळीसच्या वर कुत्री घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खुद्द आमुंडसेनने टोगोच्या गळ्यात सुवर्णपदक घातले. ज्या मोहिमेसाठी या घराण्याची कुत्री आली होती तिचा नायक असा वर्षांनी भेटला. पुढे मेन प्रांतातल्या पोलंड स्प्रिंग येथे शर्यत झाली. तिथल्या भल्या मोठ्या कुत्र्यांपुढे सेप्पालाची लहान कुत्री पाहून लोक पुन्हा हसले आणि पुन्हा हरले. तेथील एलिझाबेथ रिकर या बाईंबरोबर त्याने कुत्र्यांची पैदास सुरू केली, आणि आज सायबेरियन हस्की म्हणून जी जात जगभर, अगदी आपल्याकडच्या उकाड्यातही हौसेने पाळली जाते, तिच्या मुळाशी त्याची कुत्री आहेत. (उकाड्यात हस्की पाळणाऱ्यांविषयी सेप्पाला काय म्हणाला असता, याची कल्पना करवत नाही.) १९३२ च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनी म्हणून झालेल्या शर्यतीत तो चौपन्नाव्या वर्षी दुसरा आला.

टोगोला त्याने पोलंड स्प्रिंगलाच ठेवले होते. सांधे दुखू लागले, डोळे जवळजवळ गेले. ५ डिसेंबर १९२९ रोजी, सोळाव्या वर्षी, सेप्पालाच्या उपस्थितीत त्याला शांतपणे मरण देण्यात आले. त्याचा सांगाडा येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात गेला आणि पेंढा भरलेली कातडी आज अलास्कात वासिला येथे आहे.

सेप्पाला पुढे अलास्कात राहिला, उतारवयात पत्नीसह सिएटलला गेला आणि २८ जानेवारी १९६७ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. नोमहून औषध आणायला निघाला होता तीच तारीख. पुढच्याच महिन्यात अलास्कात जो रेडिंग्टन आणि डोरोथी पेज यांच्या खटपटीने त्याच्या स्मरणार्थ ५६ मैलांची शर्यत झाली. तीच १९७३ साली वाढून सुमारे हजार मैलांची इडिटारॉड झाली. पहिल्या विजेत्याला वीस दिवस लागले होते. आज नऊ-दहा दिवसांत, कधी त्याहूनही आधी, शर्यत संपते. त्या पहिल्या वर्षी डझनाहून जास्त कुत्री मेली. ओरड झाली आणि मग डॉक्टर आले, नियम आले.

डॉक्टर आल्याने एक गोष्ट झाली. सेप्पालाला जे फक्त डोळ्यांनी आणि हातांनी कळे, ते मोजले गेले. ओढणाऱ्या कुत्र्याचे वजन पंचवीस किलोच्या आतबाहेर. त्याला शर्यतीत रोज दहा हजार कॅलरी लागतात. अंगमेहनत करणाऱ्या आपल्या मजुराला तीन-साडेतीन हजार पुरतात. भात-भाकरीसारख्या पदार्थांतून एवढी शक्ती मिळत नाही, म्हणून त्यांचा आहार निम्म्याहून अधिक चरबीचा असतो. नोमची जुनी माणसे सुकवलेला सामन मासा आणि सीलची चरबी घालीत, ती काही अडाणीपणाने नव्हे. सवयीचा कुत्रा दोन-चार दिवस धावल्यावर शरीराची गिरणीच बदलतो. साठवलेली साखर राखून चरबी जाळू लागतो, आणि रक्तातली बिघाडाची लक्षणे पळता पळता उतरू लागतात. माणसाला हे साधत नाही. शास्त्रज्ञ आश्चर्य करतात ते यासाठी.

पण याच तपासण्यांत दुसरी बाजूही निघाली. शर्यत पुरी केलेल्या, म्हणजे वरकरणी ठणठणीत कुत्र्यांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिले तर जवळजवळ निम्म्यांच्या जठरात व्रण किंवा रक्तस्राव आढळला. तासन्‌तास धावताना रक्त स्नायूंकडे जाते, आतड्यांना कमी पडते, अंग तापते आणि जठराचे अस्तर सोलते. कुत्रा कुरकुरत नाही. कधी कधी एकदम कोसळतो. आता आम्ल कमी करणारी औषधे दिल्याने हे बरेच आटोक्यात आले आहे. थंड कोरडी हवा ओढून ओढून बहुतेकांच्या श्वासनलिका सुजतात. दमलेला कुत्रा ओकला आणि ते छातीत गेले तर न्यूमोनिया होतो. स्नायू विरघळून मूत्रपिंडे बंद पडतात. मनगट आणि खांदे तर नेहमीचेच. विशेष म्हणजे थंडीपेक्षा उष्मा त्यांना जास्त बाधतो, कारण कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. आता शर्यतीआधी हृदयाचा आलेख काढतात, रक्त तपासतात, प्रत्येक ठाण्यावर डॉक्टर असतात, चोवीस तासांची एक आणि आठ तासांच्या दोन विश्रांती सक्तीच्या आहेत. तरीही २००९ साली सहा आणि २०२४ साली तीन कुत्री मेली. टीकाकार यापुढे जाऊन विचारतात की वर्षभर साखळीला बांधलेल्या आणि धावण्यास न उतरलेल्या कुत्र्यांचे काय. ते विचारणे गैर आहे असे मला वाटत नाही.

आणि इथे मला तो जुना नियम पुन्हा आठवतो. इडिटारॉडमध्ये चौदा-सोळा कुत्री घेऊन निघायचे आणि शेवटी निदान पाच जुंपलेली हवीत. थकलेला कुत्रा ठाण्यावर डॉक्टरांकडे सोपवता येतो आणि विमानाने परत येतो. त्या कुत्र्यासाठी हे चांगलेच. त्याला वादळात गाडीवर पडून राहावे लागत नाही. पण गाडीवानाच्या दृष्टीने पाहिले तर एक कुत्रा झिजवून मागे ठेवणे आता परवडते. जुन्या शर्यतीत ते परवडत नव्हते. आमच्या लेखाकर्माच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की घसारा कुठल्या खात्यात दाखवतात यावर नफा अवलंबून असतो, आणि मग ते पुढच्या उदाहरणाकडे वळले.

इडिटारॉडमध्ये पहिल्या येणाऱ्याला मोठे बक्षीस असते ते सर्वांना ठाऊक आहे. आणखी एक मान दर वर्षी दिला जातो. शर्यतीवरचे जनावरांचे डॉक्टर आपसात ठरवून, चांगल्या वेळेत पोचूनही ज्याने आपल्या कुत्र्यांची सर्वांत चांगली निगा राखली अशा एका गाडीवानाला तो देतात. त्या मानाला लेऑनहार्ड सेप्पाला याचे नाव आहे.